सगुणाचा पाय

राघो भोईर मेलेल्या माणसांना कोट घालतो, असं कल्याणच्या खाडीकडच्या आळीत लोक गमतीनं म्हणत. आणि ते काही खोटं नव्हतं. कुणाचा बाप वारला की घरात त्याच्या फोटोची शोधाशोध व्हायची, आणि सापडायचा तो कुठल्यातरी लग्नातल्या घोळक्यातला नखाएवढा चेहरा. दामल्यांच्या स्टुडिओत तो चेहरा मोठा करून कागदावर घेत आणि तो धुरकट, ठिपक्याठिपक्यांचा माणूस राघोकडे येई. राघो त्याचे डोळे ठीक करी, मिशी सारखी करी, खांद्याला खांदा लावून उभा असलेला व्याही पुसून टाकी, आणि बापानं उभ्या जन्मात न घातलेला कोट त्याच्या अंगावर चढवी. घरची माणसं फोटो बघून डोळ्यांना पदर लावत आणि म्हणत, अगदी असेच दिसायचे हो.

राघोचं कौतुक सगळे करत. त्याच्या शेजारी जी बाई बसलेली असे, तिच्याकडे मात्र कुणी बघत नसे. राघोच्या हातात एअरब्रश असे. दिसायला जाडसर टाकासारखा, पण त्यातून वाऱ्याच्या जोरावर रंग धुक्यासारखा उडतो. सगुणा त्याला फुंकणी म्हणे. आता फुंकणी म्हटली की फुंकणारं कुणीतरी पाहिजे, आणि फुंकणारी ही त्याची बायको सगुणाच होती. लॉरीच्या चाकाची एक जुनी ट्यूब कोपऱ्यात पडलेली असे. सगुणा पाटावर बसून उजव्या पायानं पंप दाबी, ट्यूब फुगे, आणि ट्यूबमधला वारा रबरी नळीनं राघोच्या हातात जाई. राघोनं मनगट जरा आत वळवलं की त्याला बारीक काम करायचं आहे हे तिला कळे, मग ती पाय हलका टाकी. कोटाची पाळी आली की जोरात. एकमेकांकडे न बघता दोघांचं हे काम चाले, आणि चालता चालता गप्पाही होत. कोण वारलं, कुणाकडे काय शिजलं, भिंतीला ओल आली. आळीतल्या बऱ्याच नवरा-बायकोंना आठवड्यात मिळून जेवढं बोलायला मिळत नसे तेवढं ही दोघं एका दुपारी बोलत.

सगुणा ठाकुर्लीपलीकडच्या खाडीकाठची. माहेरी पिढ्यान् पिढ्या मिठागराचं काम. मिठागरात पाणी घेण्याआधी वाफ्याची जमीन पायांनी तुडवून तुडवून टणक करावी लागते. नाहीतर मिठात चिखल येतो. बाया ओळीनं उभ्या राहत, एकमेकींच्या कमरेला धरत आणि गाणी म्हणत तुडवत. सगुणाची आई पोटुशी असतानाही त्या ओळीत असायची, आणि तिची सगळी पोरं धडधाकट. सगुणा स्वतः चालायला लागली ती त्या ओळीच्या टोकाला धरून. त्यामुळे लग्न होऊन ती राघोकडे आली आणि त्यानं बिचकत बिचकत विचारलं, जरा पाय देशील का, तेव्हा तिला हसू आलं. वाफे तुडवणाऱ्या पायाला पंप म्हणजे खेळणंच की.

या पायाचा तिला अभिमान होता, आणि तो असायलाच हवा. ठाण्याच्या आणि कल्याणच्या किती घरांत भिंतीवरचे आजोबा तिच्या पायाच्या वाऱ्यावर उभे होते.

मग पहिलं मूल पाचव्या महिन्यात गेलं. दुसऱ्या खेपेला तर दिवस भरत आले होते. आंबिवलीहून सासू येऊन राहिली होती, दुपटी शिवून झाली होती, आणि तरी तेही गेलं. त्या वेळी सासूच्या तोंडून एक वाक्य निघालं. "पाय असा हालत रेला त पोटान पोर कसा रेल?"

सासूचं नाव गंगुबाई. सगुणा तिला आत्या म्हणे. गंगुबाई दुष्ट नव्हती हे आधीच सांगितलेलं बरं, कारण सासू म्हटली की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच एक बाई उभी राहते. ही तशी नव्हती. तिनं सगुणाला न्हाऊमाखू घातलं, डिंकाचे लाडू केले, तिच्यासाठी खंडोबाला नवस बोलली. पण माणसाचं मन मोठं चमत्कारिक असतं. वाईट झालं की त्याला कारण लागतं, आणि कारण सापडेपर्यंत चैन पडत नाही. गंगुबाईनं घरभर नजर फिरवली. घरात दिवसभर हलणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे सुनेचा पाय. एकदा ते तोंडातून गेलं आणि मग आळीनं ते उचललं. कुणी कुजबुजलं, पांढऱ्या पायाची आहे. कुणी दया केली, तीही पायाचीच केली. सगुणाला स्वतःच्या आईची पोटुशी पावलं आठवत होती, पण ती आठवण ती कुणाला सांगणार. दोन पोरं गेलेल्या बाईनं वाद घातलेला कुणाला आवडत नाही.

राघो काहीच बोलला नाही. सगुणा त्याच्या बोलण्याची वाट बघत राहिली. पंप दाबताना, भात वाढताना, अंथरूण घालताना. एकदा तरी त्यानं म्हणावं, आई काहीतरीच बोलते, तुझ्या पायाचा काय संबंध. तो म्हणाला नाही. तिसऱ्यांदा तिला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात मात्र तो हातगाडीवर एक यंत्र घालून घरी आला.

लढाई संपल्यावर लष्कराचं सामान लिलावात निघालं होतं, त्यातलं कुठून कुठून फिरत आलेलं ते यंत्र होतं. कॉम्प्रेसर. एक मोटर, तिच्यावरून जाणारा पट्टा, त्या पट्ट्यानं फिरणारा छोटा पंप, आणि खाली वारा साठवायची लोखंडी टाकी. टाकीवर काटा. मोटर चालू केली की काटा वर चढे, पुरेसा चढला की राघो मोटर बंद करी आणि साठलेल्या वाऱ्यावर बराच वेळ काम करी. काटा उतरला की पुन्हा चालू. पंपाच्या बाजूला गोल टिनाची एक टोपी होती, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, बारीक भोकांची. यंत्र तिथून श्वास घेई.

राघोनं पायपंप आणि ट्यूब उचलून माळ्यावर टाकली. म्हणाला, आता तू बसायचं. बायकोचे कष्ट वाचवणारा नवरा म्हणून आळीत त्याची वाहवा झाली, आणि सगुणालाही बरं वाटलं. बरं वाटलं आणि आत कुठेतरी काटा मोडला. कारण तिला कळलं की राघोही तेच धरून बसला होता. पाय दोषी नाही असं वाटत असतं तर त्यानं पाय थांबवला कशाला असता? इतकं प्रेमानं आणलेलं ते यंत्र, पण तिच्यापुरता तो निकालच होता. हे तिला त्याला सांगता येईना. कुणी आपल्यासाठी एवढं करतं तेव्हा तक्रार करायला तोंड राहत नाही.

तरीही त्या यंत्राचा राग तिनं कधी केला नाही. उलट तिचा जीव त्याच्यावर बसला. ज्या कामासाठी तिला बोल लागला ते काम ते मुकाट्यानं करत होतं, आणि त्याला कुणी काही बोलत नव्हतं. खंडेनवमीला राघोनं आपली हत्यारं पुजली, ब्रश, रंगाच्या वाट्या, पट्टी. यंत्राची पूजा सगुणानं मागून घेतली. त्याला न्हाऊ घालता येईना म्हणून ओल्या फडक्यानं पुसलं, झेंडूची माळ घातली, आणि कुंकू लावायला कपाळ शोधलं. सगळं यंत्र वाकडंतिकडं, पट्ट्यापट्ट्यांचं. सपाट, गोल, समोर बघणारी अशी एकच जागा होती, ती टिनाची टोपी. तिथं तिनं कुंकू लावलं.

खंडेनवमी झाली, दसरा झाला, पण तिनं कुंकू थांबवलं नाही. रोज सकाळी अंघोळ करून स्वतःच्या कपाळाला लावलं की यंत्राला. पहिले काही दिवस मोटर सुरू झाली की ते थरथरून झडून जाई आणि तिच्या जिवाला चुटपुट लागे. मग तिला सुचलं ते कुठल्याही मराठी बाईला सुचलं असतं. करंड्यातल्या डबीतून बोटावर मेण घेतलं, ते आधी लावलं, आणि वर पिंजर दाबली. आता कुंकू दिवसभर टिकायला लागलं.

दिवाळीनंतर यंत्र तापू लागलं.

आधी राघोला वाटलं, नवा हात आहे, आपलंच काही चुकत असेल. पण दिवसेंदिवस काटा वर चढायला वेळ लागू लागला. पूर्वी मोटर थोडी चाले आणि पुष्कळ विसावा घेई. आता ती चालतच राही, काटा अर्ध्यावर रेंगाळे, पंपाला हात लावावा तर चटका बसे, आणि खोलीभर करपलेल्या तेलाचा वास. अखेर राघो घाबरून बटण बंद करी आणि सगळं निवेपर्यंत हात गुंडाळून बसे. त्यानं यंत्र खिडकीशी नेलं. भिंतीपासून लांब ओढलं. वर ओलं फडकं घातलं, ते वाळलं. गंगुबाई पुन्हा येऊन राहिली होती, तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळून यंत्राची दृष्ट काढली. मोहऱ्या चांगल्या तडतडल्या. यंत्र तसंच तापत राहिलं.

नेमकं तेव्हा ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या एका भुसारी शेठजींचं मोठं चित्र कामाला होतं. शेठजींचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं, आणि दामल्यांचा माणूस रोज डोकावून जाई. एके दिवशी दुपारी यंत्र पुन्हा बंद करावं लागलं तेव्हा सगुणा काही न बोलता स्टुलावर चढून माळ्यावर हात घालू लागली. राघोनं तिला खाली उतरवलं.

"काम राहिला त राहिला," तो म्हणाला. "तू पाय लावायचा नाय."

सगुणाला त्या वाक्यातली माया दिसत होती आणि माया असूनही ते टोचत होतं.

तेवढ्यात गंगुबाई उठली. तिनं पंप खाली काढायला लावला, कासोटा घट्ट केला आणि स्वतः पाटावर बसली. त्या दुपारची आठवण राघो पुढे हसत सांगे. म्हातारीचा पाय म्हणजे कधी सपाटून पडायचा, कधी विसरायचाच. शेठजींच्या कोटावर धुकं पडायच्या ऐवजी पावसाचे थेंब पडले. राघो म्हणे हळू, तेव्हा ती थांबे. राघो म्हणे चालू ठेव, तेव्हा ती ट्यूब फुटेस्तोवर मारी. थोड्या वेळानं तिनं पाय सोडला, मांडी चोळली, आणि सुनेकडे बघून म्हणाली की हा धंदा माणसाचा नव्हे, तू इतकी वर्षं कसा केलास? सगुणाला पहिल्यांदा वाटलं की आत्याला आपला पाय दिसला. दोष शोधताना दिसला होता त्याहून वेगळा दिसला.

शेवटी राघोनं ठाण्याहून विठ्ठल मिस्त्रीला बोलावलं. विठ्ठल एका कापडाच्या कारखान्यात यंत्रं बघायचा. शांत, कमी बोलणारा, पान चघळणारा माणूस. आला, चपला बाहेर काढल्या, आणि यंत्राला कुंकू लावलेलं बघून आधी हात जोडले. मग कामाला लागला. त्याची बघायची रीत सगुणाला फार आवडली. त्याला घाई नव्हती आणि तो कुणाला बोल लावत नव्हता. आधी तेल बदललं आणि यंत्र चालवून बघितलं. तापलं. पट्टा घट्ट होता तो सैल केला, पुन्हा चालवलं. तापलं. साबणाचा फेस करून नळीच्या जोडाजोडाला लावला, कुठे बुडबुडा येतो का बघितलं. नाही आला. राघोला घाई झाली होती. तो म्हणाला, सगळं एकदमच बदलून टाका की.

विठ्ठलनं मान हलवली. "एका टायमाला एकच बदलायचा," तो म्हणाला. "ते काढल्यावर बी तापला, त दोष त्याचा नाय. मंग त्याला सोडून द्यायचा आणि पुढं बघायचा."

त्या दिवशी त्याला दोष सापडला नाही. पुन्हा येतो म्हणून गेला. इथं हसायला हरकत नाही, कारण काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मिस्त्रीनं यंत्राचा स्क्रू न् स्क्रू बघितला, फक्त जिथं हात जोडले तिथं बघितलं नाही. राघोनंही नाही. कुंकू दिसलं की आपला हात तिथून मागे येतो. देवाच्या कपाळाखाली काय आहे हे कोण खरवडून बघतं?

दोष दाखवला तो शेठजींनी. दोनतीन दिवसांनी राघो चित्राची पांढरी पार्श्वभूमी करत होता. यंत्र तापायच्या आत जेवढं होईल तेवढं, असं थोडं थोडं काम चाललं होतं. सगुणा दाराशी तांदूळ निवडत बसली होती. राघोनं चित्र उजेडात धरलं, लांब केलं, जवळ आणलं, आणि तिला हाक मारली. चित्र सगळं काळं-पांढरं. आणि शेठजींच्या गालाभोवती, धोतराच्या काठावर, अगदी पुसट गुलाबी झाक आली होती. हयातीत कधी न लाजलेले शेठजी लाजल्यासारखे दिसत होते.

राघोनं वाटी बघितली. त्यात पांढरा रंग होता, नुसता पांढरा. ब्रश धुऊन घेतला, कोऱ्या कागदावर नुसतं पाणी उडवलं. तरी गुलाबी. मग त्यानं नळी काढून नुसता वारा कागदावर सोडला आणि बोट फिरवलं. बोटाला लाल आलं. म्हणजे लाल वाऱ्यात होतं. वारा टाकीतून येतो, टाकीत पंपातून येतो, पंपात टोपीतून येतो. राघो मागे मागे बघत गेला आणि त्याची नजर सगुणाच्या कुंकवावर येऊन थांबली.

सगुणाला तो काही म्हणायच्या आधीच कळलं. मेण भोकांत बसलं होतं, गरमीनं वितळून आत झिरपलं होतं, रोज नवं कुंकू, रोज नवं मेण. यंत्र श्वास घ्यायला धडपडत होतं आणि धडपडून तापत होतं. आपणच त्याचं नाक रोज सकाळी, अंघोळ करून, हात जोडून बंद करत होतो. तांदळाचं सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं.

राघो रागावला नाही. तिला वाटलं होतं तो रागावेल. तो म्हणाला, यात तुझं काय चुकलं, आम्ही सगळे रोज बघत होतो की. आता टोपी साफ केली की झालं. त्यानं फडकं घेतलं, रॉकेलमध्ये बुडवलं, आणि थांबला.

कुंकू पुसायचं होतं.

हा शब्द आपल्याकडे कुठल्या घरात कधी उच्चारतात हे सांगायला नको. राघोनं फडकं तिच्यापुढे केलं. तिनं हात मागे घेतला. तिच्या पोटात मूल होतं, समोर नवरा उभा होता, आणि रोज आपल्याच हातानं लावलेलं कुंकू ती कशी पुसणार? राघोला तर बायकोच्या देखत ते करवेना. दोघंही फडक्याकडे बघत उभी राहिली. मोठी माणसं असून एखाद्या फडक्याला अशी भितात हे दुरून बघणाऱ्याला वेडेपणाचं वाटेल, पण जवळून तसं वाटत नाही.

गंगुबाई आतल्या दारात उभी होती. राघो रांगत होता तेव्हापासून ती विधवा. तिनं पुढं येऊन हात केला.

"माजा पुसलेलाच हाय," ती म्हणाली. "आन इकरं."

तिनं फडकं घेतलं आणि टोपी पुसली. एकदा, मग पुन्हा, कुंकवाचा डाग जाईपर्यंत. मग राघोनं टोपी उघडली, आतला वारा गाळणारा लोकरीचा नमदा रॉकेलमध्ये धुतला, उन्हात वाळवला, एकेक भोक सुईनं मोकळं केलं आणि सगळं जागच्या जागी बसवून बटण दाबलं. काटा सरसर चढला. मोटर बंद करून त्यानं पंपावर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. म्हशीच्या पाठीएवढा कोमट. सगुणानंही हात ठेवला. मग तिनं यंत्राला नमस्कार केला, पण कुंकू लावलं नाही. राघो म्हणाला, टाकीवर लाव पाहिजे तर. ती म्हणाली, राहू दे.

शेठजी वेळेवर गेले, पांढरे स्वच्छ. विठ्ठल मिस्त्री पुन्हा आला तेव्हा सगळी हकीकत ऐकून इतका हसला की पान थुंकायला बाहेर जावं लागलं, आणि परत येऊन म्हणाला की मीही पाया पडलो होतो की. त्या थंडीत यंत्र एकदाही तापलं नाही. सगुणा शेजारी बसून राही, पाय लांब करून, पोटावर हात ठेवून. पायपंप पुन्हा माळ्यावर गेला होता. राघो काम करी, आणि मोटर बंद असली म्हणजे दोघं पूर्वीसारखी बोलत. ती बसून कंटाळली होती, पण तिनं एकदाही पाय हलवला नाही. झोपेत हलला तर दचकून जागी होई.

आणि माघाच्या अखेरीला ते मूलही गेलं.

त्याचं कारण सुईणीला सांगता आलं नाही, मागाहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. मुलगी होती. राघो खाडीकडे जाऊन आला, अंगणात पाय धुतले आणि यंत्राशेजारी भिंतीला टेकून बसला. आळीतल्या बाया येऊन बसल्या आणि गेल्या. त्यांना काय बोलावं कळत नव्हतं. मागच्या दोन खेपांना बोलायला पाय होता.

सगुणा खाटेवर पडून होती. रडून रडून तिचे डोळे कोरडे पडले होते. आणि त्या कोरडेपणात, तिला स्वतःचीच लाज वाटावी अशी एक गोष्ट तिच्या मनात हळूहळू उभी राहू लागली. या खेपेला तिनं पंपाला पाय लावला नव्हता. पाय काढून ठेवला होता, पुरता काढून ठेवला होता, आणि तरीही झालं. लेक गेली त्याच दिवशी तिच्या छातीवरचा एक धोंडा उतरला होता. दुःख तेवढंच होतं, कणभरही कमी नव्हतं. पण आता ते फक्त दुःख होतं.

ती राघोला म्हणाली, "माजा पाय नव्हता."

राघोनं वर बघितलं. त्याला कळायला वेळ लागला, पण कळलं. तो उठून खाटेपाशी आला, तिच्या पायथ्याशी बसला, आणि पांघरुणावरून तिचा उजवा पाय हातात धरून हमसून हमसून रडला. इतक्या वर्षांत त्यानं जे म्हणायला हवं होतं ते त्याला आताही म्हणता आलं नाही. तिनं ते मागितलंही नाही.

गंगुबाई त्या दिवसापासून सगुणाच्या जवळ येईना. भाकरी करी, पाणी तापवी, काढा करून उंबऱ्याशी ठेवी आणि राघोला म्हणे, तू दे. सगुणानं आधी तिकडे लक्ष दिलं नाही. मग एका सकाळी तिनं बघितलं, म्हातारी चुलीपुढे बसली होती, आणि उजवा हात पदरात गुंडाळून डाव्या हातानं लाकडं सारत होती. भाजला का, म्हणून सगुणानं विचारलं. गंगुबाईनं मान हलवली. पुन्हा विचारलं तेव्हा चुलीकडे बघतच म्हणाली, "कुंकू मीच पुसला व्हता."

आळीतली कुणीतरी बोलली असणार, किंवा कुणी बोललंही नसेल. म्हातारीनं घरभर नजर फिरवली असेल आणि या वेळी तिला स्वतःचा हात दिसला असेल. सगुणाला ते सोडून देता आलं असतं. तिनं इतकी वर्षं सोसलं होतं, आता जरा दुसऱ्यानं सोसलं असतं तर न्याय वाकडा झाला असता असं कुणी म्हटलं नसतं. एक क्षण तिच्या मनात तेही येऊन गेलं.

मग ती खाटेवरून उतरली, भिंतीला धरत चुलीपाशी आली आणि सासूशेजारी जमिनीवर बसली.

"आत्या," ती म्हणाली, "पयल्या दोन टायमाला कुनी पुसला व्हता?"

सगुणानं तिचा हात पदरातून सोडवून घेतला, उघडा केला आणि आपल्या मांडीवर ठेवला.